डाव्या टाचेखालची चकती

९ जून

ती. मामास,

नमस्कार डाव्या बुटात कोंबून पाठवतोय, नेहमीसारखा. जपून काढ, आत अंगठ्याचं नखही असेल. शनिवारी ते गळलं आणि मग मोज्यात सापडलं नाही. मिळालं तर टाकून दे, आईला दाखवू नकोस.

फोनच केला असता, पण बत्तीस वर्षं सोल घासायच्या मशीनशेजारी बसून तुझे कान कामातून गेलेत. मी ‘घोटा सुजलाय’ म्हणतो आणि तू ‘वा, वा, छान’ म्हणतोस. त्यापेक्षा हे बरं. बूट दुरुस्तीला येतात, पत्र फुकटात येतं.

या दौऱ्यात दोन सामने खेळलो आणि एकात बसलो. डाव्या घोट्यात पुढच्या बाजूला हाडाचं कुसळ वाढलंय. बॉल टाकताना सगळं अंग त्या पायावर आदळतं आणि कुसळ आत टोचतं. तू गेल्या वर्षी डाव्या टाचेखाली चार मिलिमीटरची चामड्याची चकती घातलीस, तेव्हापासून टाच उंच राहते आणि टोचणं कमी झालंय. पण संघाच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी परवा बूट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, “ही चकती काढून टाका. एक पाय उंच झाला की कंबर कलते आणि भार पाठीच्या मणक्यावर जातो. घोटा दुखला तर माणूस थांबतो. मणका मोडला तर उठत नाही.” घोट्याला सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितलीय. तेव्हा चकती काढ. या जोडातलीही आणि नव्या जोडातलीही.

बाकी काय सांगू? खेळ संपला की बर्फाच्या पाण्याच्या टबात आम्ही चौघं एकामागून एक बसतो. माझा नंबर शेवटचा. तोवर पाण्यावर तिघांच्या मलमाचा तवंग आलेला असतो, त्यात एखादं चिकटपट्टीचं भेंडोळं. परवा मी त्यात बसलेलो असताना निवडसमितीचे दोघे आले. एकानं माझी पोटरी दाबून पाहिली आणि दुसऱ्याला म्हणाला, “अजून एक मोसम निघेल.” माझ्याशी एक शब्द नाही. बैलाचे निदान दात तरी बघतात. म्हणजे तोंडाकडे बघणं आलं.

मला या सगळ्याचा वीट आलाय, पण हातात बॉल आला की तो वीट कुठे जातो कोण जाणे.

तुझा,
ढांग्या

१८ जून

ढांग्यास आशीर्वाद,

नख मिळालं. टाकलं. तुझ्या आईनं नेमकं टाकताना बघितलं, मी म्हटलं माझंच आहे. आता ती मला बूट घालून बसायला सांगते.

तुझा जोड दोन तास हातात घेऊन बसलो होतो. तू पत्रात काहीही लिही, मला बूट सांगतो. बॉल सोडताना तुझा उजवा अंगठा जमीन खरवडतो, तिथली चामडी सरळ रेषेत घासली आहे, म्हणजे कंबर सरळ आहे. कंबर वाकडी पडायला लागली की डाव्या बुटाची बाहेरची कड आधी झिजते. ती शाबूत आहे. तुझी आई धुलाईखान्यातून आली की पिशवी ठेवायच्या आधी विचारते, “बूट काय म्हणतो?” तू फोनवर तिला ‘ठीक आहे’ सांगतोस त्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. लहानपणी दात पडला तेव्हाही तू ‘ठीक आहे’ म्हणाला होतास, तोंडातून रक्त गळत असताना. तिचा भरवसा फक्त बुटावर. मी तिला सांगितलं, घोटा नाठाळ आहे, बाकी लेक सरळ आहे.

दोन्ही जोड पाठवतोय. कंपनीचे पट्टे त्यांच्या बुटांवरून उकलून आपल्या बुटांवर चिकटवलेत. जाहिरातीत तू म्हणतोस ‘याच बुटांनी मला घडवलं’, ते ऐकून दुकानातलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसतं. कंपनीचा बूट तुझ्या पायात अर्धा दिवस टिकला नसता. डाव्या बुटाला पुढे अंगठ्यासाठी भोक पाडलंय, तिथे जागा जरा वाढवली आहे.

चकतीचं जे करायचं ते केलं आहे. बाई शिकलेल्या असतील, त्यांना नाव ठेवत नाही. पण सहा आठवडे बसवणं म्हणजे काय औषध झालं? तेवढ्यात दुसरा कोणी येऊन बसतो तुझ्या जागी. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं हे खरं, पण संघ मुंगीसाठी थांबत नाही. इथे समोरच्या न्हाव्यानं मोठा टीव्ही घेतलाय. तू खेळत असलास की मी मशीन बंद करून तिथे जाऊन बसतो. लोक मला पुढची खुर्ची देतात.

पाय जप.

मामा

२ ऑगस्ट

ती. मामास,

नमस्कार. या वेळी बूट नाहीत, नुसतं पाकीट आहे.

चमत्कार झाला! चकती काढली आणि तरी घोटा दुखत नाही. दहा दिवसांतच मी धावायला लागलो. बाई म्हणाल्या, असं होत नाही, घोट्याचा परत एक्स-रे काढू. त्या तपासत बसल्या आणि मी नेटमध्ये बॉल टाकत बसलो. तीन सामन्यांत चौदा विकेट घेतल्या, तू बघितल्याच असशील. शेवटच्या सामन्याआधी बाईंनी ‘खेळण्यास योग्य’ या कागदावर सही करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग लॉबीत होती. आता जे डॉक्टर आलेत ते पेन उघडंच ठेवून फिरतात. मॅनेजरनं ‘हो ना?’ म्हणायचा अवकाश, हे ‘हो’ म्हणतात. दाढीला इतकं गोड वासाचं पाणी लावतात की जवळ आले की मळमळतं.

मी एका दुखण्यावरच्या मलमाची जाहिरात केली. कमरेला हात लावून कण्हायचं, मग मलम चोळून तीन ढांगांत पळायचं. दिग्दर्शक म्हणाला, “कण्हणं खोटं वाटतंय.” अकरा वेळा कण्हलो. ते मलम इतकं चिकट आहे की संध्याकाळपर्यंत शर्ट पाठीला चिकटून होता. घरी आणून ठेवू नकोस, त्यानं डाससुद्धा मरत नाही.

टीव्हीवर समालोचन करणारे एक निवृत्त खेळाडू महाशय मला ‘काचेचं भांडं’ म्हणतात. चौदा विकेट घेतल्यावर म्हणाले, “भांडं चकाकतंय, पण हाताळणी जपून.” उचलली जीभ लावली टाळ्याला. स्वतः हे कमरेला पट्टा बांधून स्टुडिओत बसतात, टेबलाच्या खाली दिसत नाही म्हणून.

आईला सांग मी ठीक आहे.

ढांग्या

२० ऑगस्ट

ढांग्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आधी बूट पाठव.

दोन महिने उलटून गेले. तीन सामन्यांचा जोड एव्हाना बोंबलत असेल. परवा न्हाव्याकडे बघत होतो, तू बॉल टाकून परत चालताना डावा हात पाठीमागे नेलास आणि पँटचा पट्टा वर ओढल्यासारखं केलंस. एकदा नाही, प्रत्येक ओव्हरला. न्हावी म्हणाला, पँट सैल झाली असेल. घरी आलो तर तुझ्या आईनंही तेच बघितलं होतं, तिच्या धुलाईखान्यातल्या बायकांबरोबर. जेवताना एवढंच म्हणाली, “बूट का येत नाहीत?”

दुसऱ्या दिवशी सोल घासताना हात घसरला आणि बोट सोलून निघालं. हे मला कधी होत नाही.

बूट पाठव. धुऊन पुसून पाठवू नकोस, आहेत तसे पाठव.

मामा

११ सप्टेंबर

ती. मामास,

हे घे तुझे बूट. मातीसकट.

पट्टा खरंच सैल झालाय. वजन कमी केलंय, ते लोक करायला लावतात. तू आणि आई दोघं मिळून माझ्या पँटवर पहारा ठेवणार असाल तर मी खेळायचं कसं?

इथे सगळं छान चाललंय, म्हणजे यांच्या भाषेत छान. आमच्यातल्या एकाची पाठ धरलीय. त्याला सामन्याच्या सकाळी पॅव्हेलियनमधल्या मालिशच्या खोलीत पालथं झोपवतात. रेक्झिनच्या बाकावर आदल्या माणसाचा घाम तसाच असतो, गालाला लागतो. गोड वासाचे डॉक्टर मणक्याशेजारी लांब सुई घालतात आणि बाहेर मॅनेजर दारावर टकटक करून विचारतो, “झालं का? टॉसला जायचंय.” सुईनंतर तासभर त्याला डावा पाय आपला वाटतच नाही. तो म्हणतो की दुसऱ्याच्या पायानं धावल्यासारखं वाटतं. मग दुपारी औषध उतरतं, आणि तो संडासात जाऊन ओकतो आणि चूळ भरून परत येतो. लोक टाळ्या वाजवतात. मला त्याची दया येत नाही, शिसारी येते. सांगता येत नाही का त्याला, की दुखतंय म्हणून?

पुढच्या महिन्याच्या शेवटी अंतिम सामना. नवा जोड लवकर पाठव.

ढांग्या

२२ सप्टेंबर

ढांग्यास अनेक आशीर्वाद,

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघ!

जोड उजेडात धरून पाहिला. उजव्या अंगठ्याची घसट सरळ. डाव्याची बाहेरची कड शाबूत. इतका सरळ बूट तू वयाच्या विसाव्या वर्षीही झिजवला नव्हतास. आतल्या सुकतळ्यावर, तळपायाखालच्या पातळ चामड्यावर, बोटांचे ठसे जरा आखूड वाटले, पण म्हटलं सूज उतरली असेल, वजनही कमी केलंय म्हणतो. तुझी आई आली. विचारायच्या आधीच मी म्हटलं, “बूट म्हणतो, लेक ठणठणीत आहे.” ती तिथेच स्टुलावर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. मग मला म्हणाली, तू बोटाला पट्टी का बांधत नाहीस, घाण जाईल.

तेव्हा माझंच बरोबर होतं. कशात ते विचारू नकोस, म्हाताऱ्याचा गर्व समज.

त्या पाठ धरलेल्या गड्याला माझा निरोप सांग, घरी जा म्हणावं. त्याला कोणी मामा नाही का?

नवा जोड सोबत. अंतिम सामन्याला न्हाव्यानं बाहेर बाकं टाकायची ठरवली आहेत.

मामा

३ नोव्हेंबर

ढांग्यास,

हे पत्र तुझ्या आईनं वाचायचं नाही.

मी बघितलं. चौथ्या ओव्हरचा दुसरा बॉल. डावा पाय पडला आणि तू मधूनच दुमडलास, घडीची खुर्ची मिटावी तसा. मला नीट ऐकू येत नाही, पण बाकांवरचे सगळे एकदम उठले ते दिसलं. मग त्यांनी ते टीव्हीवर परत दाखवलं, हळू करून, पुढून, मागून. मी अकरा मोजले. मध्ये तुझी मलमाची जाहिरात लागली. तू कमरेला हात लावून कण्हत होतास आणि शेजारी कोणीतरी हसताना दिसलं. एक जण म्हणाला, “फुटलं भांडं.” मी त्याच्या अंगावर धावून गेलो, न्हाव्यानं धरलं.

आता ऐक. चकती मी काढली नव्हती.

वरची काढली, आणि सुकतळ्याच्या खाली दुसरी बसवली, तेवढ्याच जाडीची, कडा तासून, कुणाच्या बोटाला लागू नये अशी. तिन्ही जोडांत. तुझा घोटा बरा झाला तो चमत्कार नव्हता, ती माझ्या चामडं तासायच्या रापीची करामत होती. मला वाटलं, बाईंना काय कळतं. मला वाटलं, सहा आठवडे तू बसलास तर परत बोलावणार नाहीत. आणि खरं सांगू? मला पुढची खुर्ची हवी होती. न्हाव्याकडची. एवढ्यासाठी.

सप्टेंबरात तुझा बूट सरळ आला तेव्हा मी मनात म्हटलं, बघा बाई, चकती आहे आणि पाठ ठणठणीत आहे. त्या एका जोडावर मी निवांत झालो. नाहीतर काढलीच असती रे. त्या बुटानं मला फसवलं की मी त्याला, मला कळत नाही. दोन दिवस हातांना चामड्याचा वास येतोय आणि तो मला सोसत नाही. साबणानं जात नाही.

तुझ्या आईला तू ‘स्नायू लचकलाय’ सांगितलंयस. तिनं मला विचारलं, बूट तर ठणठणीत म्हणाला होता ना? मी मशीन चालू केलं.

मामा

१९ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार लिहिणार नव्हतो. लिहिला असं समज.

तुझं पत्र आल्यावर मी नर्सकडून कात्री मागून घेतली आणि आडवा पडल्या पडल्या डावा बूट फाडला. पोटावर चामड्याचा भुगा पडला. चकती मिळाली. काय सुंदर काम केलंयस! कडा इतक्या पातळ की प्रकाश दिसतो. ती मी पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली आणि दिवसभर तुला शिव्या घातल्या. तुझी इतकी किळस आली की जेवणाचं ताट परत पाठवलं.

संध्याकाळी स्वतःचीच आली.

सप्टेंबरात जो जोड तुला पाठवला, तो मी घातलेलाच नव्हता. माझे खरे बूट मी हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. डाव्याची बाहेरची कड पार टाक्यापर्यंत गेली होती, उजव्याची घसट तिरपी. तू बघताक्षणी ओळखलं असतंस आणि आईला सांगितलं असतंस, आणि ती इथे येऊन मॅनेजरच्या दारात बसली असती. म्हणून दुसरा जोड आमच्या बाराव्या गड्याला दिला. त्याचं माप माझंच, पाठ धडधाकट. दोन दिवस नेटमध्ये त्यानं त्यात बॉल टाकले. परत देताना म्हणाला, “डाव्या पायात काहीतरी उंच लागतंय.” मी म्हटलं, तुझा पाय वाकडा आहे.

त्याचं ते वाक्य परत वाच. मला ते रोज ऐकू येतं.

ती सुई कुणाच्या पाठीत जात होती ते आता सांगायला नको. त्याला मामा होता.

मोठ्या सर्जननी मोडलेल्या मणक्यासाठी दोन रस्ते सांगितले. चार महिने पट्टा बांधून पडून राहायचं, बॉल परत हातात घ्यायचा नाही, आणि आयुष्यभर नीट चालायचं. नाहीतर मणक्यात दोन स्क्रू घालायचे आणि चौदा महिन्यांनी बॉल टाकायचा, पण परत मोडलं तर डाव्या पायाची हमी नाही. गोड वासाचे डॉक्टर दुसऱ्या रस्त्याचा कागद घेऊन आले होते. सही कुठे करायची तिथे आधीच फुली मारलेली. त्यांच्या मागे एक जण कॅमेरा घेऊन, चाहत्यांसाठी चार शब्द बोला म्हणाला. माझी लघवीची पिशवी त्यानं चादरीनं झाकली, चित्रात येऊ नये म्हणून.

मी सही केली नाही. पण कागद उशीखाली ठेवलाय.

आता हे लिहिताना मला स्वतःची घाण वाटते, तरी लिहितो. माझ्या पायाच्या मापाचे लाकडी फर्मे नीट ठेव. चौदा महिन्यांनी घोटा असाच असणार. एक जोड कर. चकती ठेव, हवं तर दोन मिलिमीटर कमी. तुझ्यासारखी ती कुणाला बसवता येणार नाही.

ढांग्या

२८ नोव्हेंबर

ढांग्यास आशीर्वाद,

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुझाही आणि माझाही. तुझं पत्र वाचून मी रडलो, आणि मग उठून चामडं आणायला गेलो. चांगलं मिळालं, मऊ आणि बळकट. दोन मिलिमीटर म्हणतोस, पण मला वाटतं तीन ठेवावी, कारण घोटा

[इथून पुढे दुसरं अक्षर]

तुझ्या मामाच्या हातातून कागद मी घेतलाय. तो समोर बसलाय.

फर्म्यांच्या खणात तुझी पत्रं होती. जूनपासूनची सगळी वाचली. त्याची कशी वाचली विचारशील, तर तो आधी कच्चं लिहितो आणि कच्चं टाकत नाही. आधी नख आठवलं. माझं आहे म्हणाला होता.

मी एकवीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुते. चादर बघून सांगते कोण घरी जाणार आणि कोण नाही. चादर खोटं बोलत नाही, म्हणून मला वाटलं बूटही बोलत नसेल. मूर्ख मी. बूट बोलतच नाही. तुम्ही दोघं बोलत होता, त्याच्या तोंडून, आणि मी स्टुलावर बसून डोळे पुसत होते.

मला तुमची दोघांची किळस आलीय. लेकाची आणि भावाची येते का, असं लोक विचारतील. येते. तरी उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय.

तुझे फर्मे मी फोडले. उजवा दोन घावांत गेला, डाव्याला पाच लागले. मामा मधे आला नाही. नंतर त्यानं स्वतःच तुकडे गोळा केले.

उशीखालचा कागद मी आल्यावर माझ्या हातात द्यायचा. सही तुझी आहे, मी हात धरणार नाही. पण सही करायची तर माझ्यासमोर कर, आणि मग मला तोंडानं सांग की दुखत नाही.

येताना चप्पल आणते, खाटेपासून संडासापर्यंत चालायला. मामानं रात्री बसून शिवली. दोन्ही टाचा सारख्या उंचीच्या आहेत. मी स्वतः मोजल्या.

आई